तिसरा मजला, समुद्राची बाजू

आमच्या घरात नटनट्यांना नावं नव्हती, खोल्यांचे नंबर होते. बाबा जुहूच्या किनाऱ्यावरच्या एका प्रसिद्ध हॉटेलात हाउसकीपिंगला होते आणि पाहुण्याचं नाव बाहेर काढायचं नाही हा तिथला पहिला नियम. बाबांनी तो घरातही पाळला. टीव्हीवर जुना सिनेमा लागला की आई पडद्याकडे कमी आणि बाबांच्या तोंडाकडे जास्त बघायची. बाबा पेपरात डोकं खुपसून बसायचे. पण पडद्यावरची बाई फारच रडायला लागली की त्यांच्याच्यानं राहवायचं नाही. "तीनशे चौदा," ते म्हणायचे, "हिला चहात साखर चालत नाही." बस, एवढंच. दुसऱ्या दिवशी ती साखर आई नळावर सगळ्या चाळीत वाटून यायची.

हॉटेलचं नाव मीही इथे लिहीत नाही. घरची सवय म्हणा.

सुपरवायझर झाल्यावर बाबांना हॉटेलचा इतिहास पाठ करावा लागला होता. पाहुण्यानं कॉरिडॉरमध्ये सहज विचारलं तर चार वाक्यं नीट सांगता यायला हवीत, म्हणून. सुट्टीच्या दिवशी अंघोळ झाली की ते तो आम्हाला म्हणून दाखवायचे, अगदी रामरक्षेच्या चालीत. आधी इथे नारळाची वाडी होती. मग एका शेटनं हवा खायला बंगला बांधला. शेटच्या मुलाला हवेपेक्षा पार्ट्यांची हौस जास्त, त्यामुळे बंगल्याला खोल्या जोडल्या गेल्या, खोल्यांवर मजले चढले, आणि वांद्र्याच्या पुढे मुंबई आहे हेच ज्यांना मान्य नव्हतं ती शहरातली बडी मंडळी गाड्या काढून जुहूला यायला लागली. पोहण्याच्या तलावात पाण्याखाली दिवे होते. लॉबीत झुंबर होतं. ते पुसायला वर्षातून एकदा खाली उतरवत, आणि त्या दिवशी लॉबीतला सगळा स्टाफ अनवाणी चालायचा. एखादा लोलक निसटून पडला असेल तर पायाला आधी कळावा, बुटाखाली चिरडला जाऊ नये, म्हणून. हे ऐकताना मला झुंबर कधी दिसायचं नाही, नुसते ते पाय दिसायचे.

तिसरा मजला, समुद्राची बाजू, हा बाबांचा. तिथे प्रोड्यूसर लोक लेखकांना कोंडून घालायचे. गोष्ट पुरी झाल्याशिवाय लेखकानं बाहेर पडायचं नाही आणि बाबांनी खोलीतला कागदाचा एक बोळाही टाकायचा नाही, कारण आज फेकलेला शेवट उद्या परत हवा असायचा. तिथे विमान कंपन्यांच्या गोऱ्या पोरी बाल्कनीत मोजे वाळत घालायच्या. आखातातले शेख भर पावसाळ्यात खास पाऊस बघायला यायचे, बाल्कनीत खुर्च्या टाकून भिजत बसायचे, आणि बाबा मागे टॉवेल घेऊन उभे. एका मोठ्या हिरोला गादीवर झोप लागायची नाही. तो खाली कार्पेटवर झोपायचा आणि सकाळी उठून पलंग मुद्दाम विस्कटून ठेवायचा, स्टाफला कळू नये म्हणून. बाबांना अर्थातच पहिल्याच दिवशी कळलं. ते दुसऱ्या संध्याकाळपासून पलंगाच्या पायथ्याशी एक जास्तीची दुलई घडी करून ठेवायला लागले.

त्यांची खरी शान ती संध्याकाळची. टर्न डाउन म्हणतात त्याला. दिवेलागणीला एकेका खोलीत जायचं, पलंगपोस काढायचा, पांघरुणाचा एक कोपरा त्रिकोणी दुमडायचा, सपाता पलंगाशी जोडीनं ठेवायच्या, पडदे ओढायचे, एक मंद दिवा लावून निघायचं. जेवून वर आलेल्या पाहुण्याला वाटलं पाहिजे की खोली आपली वाट बघत होती. बाबांचं हे वाक्य आम्हाला इतकं पाठ होतं की चाळीत कोणाकडे उशिरा पाहुणा आला तर आई म्हणायची, बघा, खोली वाट बघतेय.

आम्ही मात्र आत कधी गेलो नाही. स्टाफच्या घरच्यांना आत सोडत नसत, आणि बाबांनाही पुढच्या दारानं जायची मुभा नव्हती. मागच्या गल्लीत स्टाफचं गेट होतं, निघताना तिथे झडती व्हायची. सुट्टीच्या दिवशी आम्ही हॉटेलसमोर वाळूत बसून भेळ खायचो आणि बाबा बोट करून दाखवायचे, "तो बघ माझा मजला." मी चौथीत जाईपर्यंत असंच समजत होते की तो मजला खरोखर आमचा आहे आणि आम्ही आपले साधेपणानं चाळीत राहतो.

हे सगळं जुनं झालं. बाबा निवृत्त होऊनही आता बराच काळ लोटला. आमची चाळ पाडली, आम्ही काही वर्षं भाड्याच्या जागांमध्ये काढली, आणि मग अंधेरी पूर्वेला त्याच जागेवर उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये आम्हाला फ्लॅट मिळाला. वन बीएचके. आई, बाबा आणि मी. मी लग्न केलं नाही, त्याचं काही कारण नाही, आणि असलं तरी ते इथे नको. बिल्डरनं चाळीच्या माणसांना खालचे मजले दिले आणि वरून समुद्र, डोंगर, जे काय दिसत असेल ते दुसऱ्यांना विकलं. आमच्या वाट्याला तिसरा मजला आला.

बाबांचं विसरणं तोवर सुरू झालं होतं, पण ते साधंच होतं. चष्मा कुठे ठेवला, दूध आणलं की नाही, वारलेल्या भावाचा फोन का येत नाही. राहायला गेलो त्या संध्याकाळी लिफ्टचं दार टिंग करून उघडलं. समोर लांब पॅसेज, चकचकीत टाइल्स, दोन्ही बाजूंना एकसारखी बंद दारं, आणि प्रत्येक दारावर तीनशेनं सुरू होणारा पितळी आकडा. बाबा लिफ्टमधून बाहेर आले, पॅसेजकडे बघत राहिले, आणि त्यांनी शर्टाचं वरचं बटण लावलं. आई आणि मी पिशव्या घेऊन पुढे निघालो तर ते भिंतीला पाठ लावून उभे राहिले, मान किंचित झुकवली आणि म्हणाले, "गुड इव्हिनिंग, मॅडम."

मला वाटलं चेष्टा करतायत. मी म्हटलं, "बाबा, पुरे आता, पिशवी धरा." त्यांनी पिशवी धरली. "येस मॅडम," म्हणाले आणि माझ्या मागून चालायला लागले, दोन पावलं अंतर ठेवून. ते अंतर परत कमी झालं नाही.

त्या दिवसापासून माझं काहीतरी बधिर झालं. दाताच्या डॉक्टरनं इंजेक्शन दिल्यावर गाल कसा आपला असून आपला राहत नाही, तसं. मी रडले नाही, चिडले नाही, देवाला काही बोलले नाही. ऑफिसला जात राहिले. बाबा कसे आहेत असं कोणी विचारलं की सांगायचे, ड्यूटीवर आहेत. लोकांना वाटायचं मी विनोद करते. मला तर तेही वाटायचं नाही.

डॉक्टर म्हणाले, वाद घालू नका, त्यांच्या जगात शिरा. आम्ही शिरलो. हॉलमधला माझा दिवाण म्हणजे तीनशे बारा झाला आणि आतली बेडरूम, आईची, तीनशे चौदा. आईला हे प्रमोशन आवडलं असावं. ज्या खोलीतली साखर तिनं वर्षानुवर्षं वाटली, तीच खोली आता तिची झाली होती. "मॅडम, चहा?" बाबा अदबीनं विचारायचे, आणि जिनं जन्मभर त्यांच्या हातात कप दिला ती गाऊन सारखा करत म्हणायची, "हो, आणा." चहा अर्थात मीच करायचे.

दिवेलागणीला बाबा घराच्या किल्ल्यांचा जुडगा कमरेला बांधून कामाला लागायचे. आधी तीनशे चौदा, मग तीनशे बारा. ऐंशीच्या पुढचा माणूस, चष्मा कुठे ठेवला ते आठवत नाही, पण चादरीचा कोपरा असा दुमडायचे की पाकीट वाटावं. घरात सपाता नव्हत्या, म्हणून माझ्या बाथरूमच्या चपला जोडीनं ठेवायचे. माझ्या उशीचा अभ्रा रोज बदललेला असायचा. आईचा आठवड्यातून एकदा, माझा रोज. मला वाटायचं, काल बदलला हे विसरतात. धुणं वाढायचं म्हणून एकदा मी जरा तोडूनच म्हटलं, "रोज कशाला?" तर ते फक्त हसले, स्टाफ हसतो तसं, आणि दुसऱ्या दिवशी परत बदलला.

इथपर्यंत ठीक होतं. चूक कुठे झाली ते हळूहळू लक्षात आलं. स्टाफ पाहुण्यासमोर बसत नाही. पाहुण्याच्या आधी जेवत नाही, पाहुण्याच्या ताटातलं जेवत नाही, आणि पाहुण्याच्या पलंगावर तर मेला तरी झोपत नाही. आम्ही दोघी हौसेनं पाहुण्या झालो आणि घरातल्या सगळ्या खुर्च्या, सगळी ताटं, दोन्ही पलंग पाहुण्यांचे झाले. बाबांना ठेवलीच नाही आम्ही काही जागा. ते हॉल आणि बेडरूममधल्या छोट्या पॅसेजच्या भिंतीला पाठ लावून उभे राहायचे. खुर्ची दिली तर "थँक्यू मॅडम" म्हणून तिची धूळ झटकायचे. ओट्याशी उभ्यानं चार घास खायचे, तेही मी आत गेल्यावर. रात्री तिथेच टेकून डुलक्या घ्यायचे, फार तर जमिनीवर उकिडवे बसायचे आणि जरा चाहूल लागली की उठून शर्ट सारखा करायचे.

त्यांचे पाय सुजले. मग डाव्या घोट्यावर जखम झाली आणि ती भरेना. डॉक्टरनं मला बाहेर बोलावून सांगितलं, पाय वर करून झोपले नाहीत तर हे चिघळणार. मग हॉस्पिटल. आणि या वयात, या अवस्थेत हॉस्पिटलात गेले की किती परत येतील ते मी सांगू शकत नाही, असं डॉक्टर म्हणाले.

म्हणजे बाबांना बसवायचं होतं, आणि मग झोपवायचं होतं. माणसं काय काय करतात आयुष्यात, आणि माझ्यापुढे हे एवढंच काम होतं. ते मला जमत नव्हतं.

मी सगळं करून बघितलं. "बाबा, हे हॉटेल नाही, हे आपलं घर आहे," म्हटलं. "येस मॅडम," म्हणाले, "असंच समजा." मी त्यांचा हात धरून म्हटलं, "मी तुमची मुलगी आहे." त्यांनी हात हळूच सोडवून घेतला. चेहऱ्यावर राग नव्हता. जास्त प्यालेल्या पाहुण्याला जसं सांभाळून घ्यावं तसं ते माझ्याकडे बघत होते. "सॉरी मॅडम," म्हणाले, "लिंबूपाणी आणू?" मी म्हटलं, आणा. मग मी जाऊन लिंबूपाणी केलं आणि प्यायले.

शेवटी मी ठरवलं की त्यांना खऱ्या हॉटेलात न्यायचं. पुढच्या दारानं न्यायचं, पाहुणा म्हणून बसवायचं, म्हणजे ड्यूटी संपली हे त्यांना पटेल. आईला सांगितलं तर ती मेथी निवडता निवडता तिच्या मालवणीत म्हणाली, "आनी थय जावन काय करतलस?" मी म्हटलं, "चहा पिऊ."

दुपारचा चहा आणि केक, असं टेबल मागितलं होतं, समुद्राकडच्या खिडकीशी. रिक्षा पोर्चमध्ये सोडत नाहीत, म्हणून गेटशी उतरलो. उतरताक्षणी बाबा मागच्या गल्लीकडे वळले. अंधेरी स्टेशनला जायचा रस्ता त्यांना आता सांगता येत नाही, पण त्या गल्लीत ते माझ्यापुढे चालत होते. स्टाफचं गेट नव्हतं. तिथे पार्किंगचा उतार झाला होता. बाबा त्या उताराच्या तोंडाशी उभे राहून भिंत चाचपत होते. मी त्यांना दंडाला धरून पुढच्या दाराशी आणलं. दारावरच्या माणसानं तपासणीसाठी हात वर करायला सांगितले, तर बाबा त्याला समजावून म्हणाले, "अरे, झडती जाताना. आत्ता तर येतोय."

लॉबीत झुंबर नव्हतं. त्याच्या जागी काचेच्या पानांचं काहीतरी लटकत होतं आणि सगळीकडे गवती चहाचा वास मारला होता. एका भिंतीवर जुने काळे पांढरे फोटो लावले होते. तलाव, तलावाकाठच्या पार्ट्या, गॉगल लावलेल्या बायका, गाडीला टेकलेला शेटचा मुलगा. एक कोट घातलेली मुलगी चार परदेशी पाहुण्यांना फोटो दाखवत इंग्रजीतून सांगत होती, आधी इथे नारळाची वाडी होती, मग एका शेटनं हवा खायला बंगला बांधला. तीच वाक्यं, त्याच क्रमानं. माझ्या शेजारी बाबांचे ओठ तिच्याबरोबर हलत होते. मी फोटोंमध्ये तिसरा मजला शोधत राहिले.

टेबलाशी नेलं तर बाबा बसले नाहीत. माझी खुर्ची मात्र त्यांनी मागे ओढली, मी बसल्यावर पुढे सारली, आणि जाऊन खांबाला पाठ लावून उभे राहिले. एक वेटर धावत आला. "काका, बसा ना प्लीज." बाबा खालच्या आवाजात म्हणाले, "ऑन ड्यूटी." त्याच्या तोंडावर हसू आणि गोंधळ एकदमच आला आणि त्यानं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, राहू दे त्यांना. तेवढ्यात एका सुटातल्या गृहस्थानं बाबांना वॉशरूम कुठे ते विचारलं. त्याचंही काय चुकलं म्हणा, खांबाला लागून इतका अदबीनं उभा असलेला माणूस दुसरा कोण असणार. बाबा हाताचा तळवा पुढे करून त्याला घेऊन गेले, लॉबी ओलांडून, डावीकडे, आणि दागिन्यांच्या दुकानात नेऊन सोडलं. परत आले तेव्हा त्यांचा चेहरा इतका समाधानी होता की मी काही सांगितलं नाही.

तीन मजली ताटलीत छोटे छोटे केक आले. मी ते एकटीनं खाल्ले. मागवले होते म्हणून खाल्ले. खिडकीतून वाळू दिसत होती, वाळूत एक कुटुंब भेळ खात बसलं होतं आणि त्यातला बाप हॉटेलकडे बोट करून पोरीला काहीतरी दाखवत होता. मी इतकी वर्षं ज्या खिडक्या बाहेरून बघितल्या त्यांच्या आत बसले होते, आणि माझा बाप माझ्यामागे सुजलेल्या पायांवर उभा होता. केक गोड होता, एवढंच मला कळत होतं.

परतताना रिक्षात ते मुकाट बसले. अर्ध्या वाटेत झोपलेही. मला वाटलं, जमलं. पण आमच्या मजल्यावर लिफ्टचं दार टिंग करून उघडलं, त्यांनी वरचं बटण लावलं, आणि भिंतीला टेकले.

आईनं विचारलं, "काय झाला?"

"काही नाही," मी म्हटलं. "मी केक खाल्ला. ते उभे राहिले. बघ, आतासुद्धा उभेच."

आईनं दारातून त्यांच्याकडे एकदा बघितलं. "रिलिव्हर येवक नाय वाटता," ती म्हणाली आणि भाकरी थापायला लागली.

ती हे सहज बोलली. चाळीत असतानाही असंच बोलायची. मी लहान असताना बाबांबरोबर जेवायचं म्हणून हटून बसायचे, ताटावर ताट झाकून ठेवलेलं असायचं, डोळे मिटायला लागायचे. "बाबा का नाही आले?" "रिलिव्हर येवक नाय." पुढच्या पाळीचा माणूस आला, त्यानं मजल्याच्या किल्ल्या हातात घेतल्या, कुठल्या खोलीत काय आहे ते ऐकून घेतलं, की मगच बाबांनी निघायचं. मजला कोणाच्या तरी ताब्यात दिल्याशिवाय सोडायचा नाही. रिलिव्हर नाही आला तर तसंच पुढच्या पाळीला उभं राहायचं. एकदा तर ते आले तेव्हा मी शाळेला निघाले होते.

मी गॅसजवळ उभी राहिले. इतके दिवस आम्ही चांगल्या पाहुण्या होण्याचा आटापिटा करत होतो. पण पाहुणा कितीही चांगला असला तरी त्याला कोणाची ड्यूटी संपवता येत नाही. बाबांकडून मजला घ्यायला कोणी आलंच नव्हतं. ते आपले वाट बघत होते.

दुसऱ्या दिवशी आईला सगळं सांगितलं. तिनं गाऊन काढला आणि ट्रंकेतलं जुनं सुती पातळ नेसली, चाळीतलं. मी पांढरा कुडता घातला, केस घट्ट बांधले, ओढणी घेतली नाही. बाबांनी नेहमीसारखे दोन्ही पलंग लावले, मंद दिवा ठेवला आणि पॅसेजमध्ये येऊन उभे राहिले. मी पुढच्या दारानं आले नाही. किचनमधून आले, हात पुसत. त्यांच्यासमोर गेले नाही. त्यांच्या शेजारी गेले आणि त्याच भिंतीला पाठ लावून उभी राहिले.

बराच वेळ आम्ही दोघं समोरच्या दाराकडे बघत होतो. मग त्यांनी तिरक्या नजरेनं माझ्याकडे बघितलं.

"किती उशीर गं," ते म्हणाले. "पाय बघ माझे काय झालेत."

किती महिन्यांनी ते माझ्याशी असं बोलले होते. मॅडम नाही, येस नाही. "बस चुकली," मी म्हटलं.

"उद्यापासून वेळेवर ये." त्यांनी घसा साफ केला. "ऐक आता. तीनशे चौदा. म्हातारी बाई आहे, तोंडानं जरा तिखट, पण मनानं चांगली. गुडघ्यांचा त्रास आहे. बाथरूमचं पायपुसणं सरळ ठेव, अडकून पडेल."

आत आईच्या हातातल्या भांड्याचा आवाज थांबला.

"तीनशे बारा." बाबांनी आवाज खाली आणला, पाहुण्याला ऐकू जाऊ नये म्हणून. "एकटी असते. सकाळी जाते, संध्याकाळी येते. ताट अर्धं परत येतं. हसून बोलते, सगळ्यांशी नीट वागते. पण सकाळी उशी ओली असते. रोज. अभ्रा बदलत जा. विचारू नकोस काही, पाहुण्याला लाज वाटते. नुसता बदलून ठेवायचा."

मी म्हटलं, "बरं."

"विसरशील."

"नाही विसरणार."

त्यांनी कमरेच्या नाडीला बांधलेला घराच्या किल्ल्यांचा जुडगा सोडला. गाठ सुटेना, तेव्हा मी मदत केली. जुडगा माझ्या हातावर ठेवून त्यांनी माझी बोटं त्यावर मिटली. "मजला तुझा," म्हणाले. मग किचनमध्ये गेले, शर्टाची वरची दोन बटणं सोडली आणि स्टुलावर बसले. "आई गं," असं एकदाच म्हणाले, सगळी माणसं बसताना म्हणतात तसं.

ते आमटी भात जेवले, बसून. पोटभर जेवले. आईनं तोवर बेडरूममधल्या त्या हॉटेलसारख्या लावलेल्या पलंगावर चाळीतली जुनी गोधडी पसरली. पाहुण्यांच्या खोलीत गोधडी नसते. बाबा दारात आले, गोधडी बघितली, आईला त्या पातळात बघितलं, आणि काही न विचारता जाऊन आडवे झाले. आईनं त्यांच्या पायांखाली उशी सारली. मी किल्ल्या घेऊन पॅसेजमध्ये उभी होते.

"पोरगी जेवली?" बाबांनी विचारलं.

"जेवली," आई म्हणाली.

"थांबली होती माझ्यासाठी?"

"थांबली होती."

"झोपली?"

आईनं दारातून माझ्याकडे बघितलं. "झोपली," ती म्हणाली. "तुमी झोपा आता."

पायाची जखम आता भरत आली आहे. रोज संध्याकाळी मी त्यांच्याकडून मजला घेते, वेळेवर घेते. ते रोज मला तीनशे बाराबद्दल तेच सांगतात आणि मी रोज पहिल्यांदा ऐकल्यासारखं ऐकते. मग ते घरी जातात, त्यांच्या पोरीकडे, आणि ती रोज झोपलेली असते.

पण त्या पहिल्या रात्रीनंतरची सकाळ सांगायची राहिली. मला जाग आली तेव्हा बाबा आत घोरत होते. मी कूस बदलली आणि उशीला हात लावून बघितला. ओली होती. मी उठले, अभ्रा काढला, कपाटातला धुतलेला घातला आणि कोपरे ओढून नीट केले. विचारलं काही नाही.